हिला पगार कोण देतो?

खिडकीतली_चिमणी
आधी गेल्या शनिवारचा किस्सा सांगते, मग प्रश्न विचारते.

सासूसासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे टेक्सासला आलेत. शनिवारी चौघं बाहेर जेवायला गेलो. बिल झालं ९६ डॉलर. नवऱ्याने बिल कार्डावर भरलं, टिपच्या रेघेवर 'कॅश' लिहिलं आणि वीसची नोट पाण्याच्या ग्लासखाली सरकवली. कार्डावर दिलेली टिप पूर्ण पोचत नाही, असं त्याने कुठेतरी वाचलंय. गाडीचं दार उघडतेय तोवर ती मुलगी मागून पळत आली, एप्रनसकट, धापा टाकत. "सगळं नीट होतं ना? माझ्याकडून काही राहिलं का?" मला काही कळेना. नवरा म्हणाला, पैसे टेबलावर ठेवलेत की! ती म्हणाली, नाहीत. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत, तेवढ्यात बाबांनी शर्टाच्या खिशातून नोट काढली. "अरे, विसरून निघाला होतास. मी उचलली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोट तिच्या हातात दिली, वर आणखी दहा दिले, चारदा सॉरी म्हणालो आणि सुटलो.

बाबा कामगार न्यायालयात कारकून होते, निवृत्त होईपर्यंत. गाडीत बराच वेळ गप्प बसले. हायवेला लागलो आणि सुरू झाले.

"हिला पगार कोण देतो?"
"मालकच देतो बाबा. पण कमी असतो."
"कमी म्हणजे किती?"
"नक्की नाही माहीत."
"किमान वेतनाचा कायदा नाही इथे?"
"आहे."
"मग?"

अकरा वर्षं झाली मला या देशात. अठरा टक्के की वीस, हा हिशेब शेकडो वेळा मनातल्या मनात केला असेल. पण त्या 'मग'चं उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. बाबा रोज सकाळी चहा घेताना विचारतायत, काही कळलं का.

सुरपारंब्या
"विसरून निघाला होतास." =)) बाबांना साष्टांग नमस्कार.

कुंपणावरचा
वाचतोय. जाता जाता, टेकआउटला (घरी न्यायच्या पार्सलला) टिप किती द्यायची असते? की द्यायचीच नसते?

हिशेबी
चिमणीताई, टेक्सास असेल तर त्या मुलीचा पगार बहुधा तासाला २ डॉलर १३ सेंट. टायपो नाही. दोन डॉलर तेरा सेंट.

बाबांना असं सांगा. फेडरल, म्हणजे देशभरचं, किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे (तेही २००९ पासून हललेलं नाही). पण ज्यांना नियमित टिप मिळते, त्यांना मालकाने स्वतःच्या खिशातून फक्त २.१३ दिले तरी चालतं. उरलेले ५.१२ टिपेतून मिळाले असं कायदा धरून चालतो. याला म्हणतात टिप क्रेडिट. टिप तिची, क्रेडिट मात्र मालकाला.

टिप कमी पडली तर फरक मालकाने भरून द्यायचा, असंही कायदा म्हणतो. पण तो हिशेब तासाचा नाही, आठवड्याच्या सरासरीचा असतो.

आता पाच तासांची शिफ्ट धरा. ५.१२ गुणिले ५, म्हणजे २५ डॉलर ६० सेंट. त्या संध्याकाळी टिपेचे पहिले २५.६० जमा होईपर्यंत गिऱ्हाईक मुलीला बक्षीस देत नसतं, मालकाचं देणं फेडत असतं. तुमचे वीस त्यातच जिरले असणार.

राहिला तो २.१३ चा विचित्र आकडा. १९६६ मध्ये पहिल्यांदा रेस्टॉरंटच्या कामगारांना किमान वेतनाच्या कायद्यात घेतलं, आणि त्याच दुरुस्तीत निम्मा पगार टिपेतून धरायची मुभाही दिली. १९९१ मध्ये किमान वेतन झालं ४.२५, त्याचं निम्मं २.१३. पुढे १९९६ मध्ये किमान वेतन वाढवताना ही दोरी कापली. वरचा आकडा वाढला, खालचा तिथेच राहिला, आजतागायत. १९९१ साली जन्मलेल्या मुली आज त्याच दराने टेबलं सांभाळतायत.

थेट_खवचट
हिशेबीराव, आकडे बरोबर, पण चित्र अर्धं. चांगल्या स्टेकहाऊसमध्ये शनिवारी रात्री तीनशे डॉलर घरी नेणारे सर्व्हर माझ्या ओळखीत आहेत. माझ्या पहिल्या नोकरीत मला एवढे सुटत नव्हते. २.१३ हा आकडा ऐकायला भयंकर वाटतो म्हणून सगळे तोच नाचवतात. कोणी उपाशी नाहीये. आणि रेस्टॉरंटच्या मालकालाही जेमतेमच सुटतं, कितीतरी दुकानं धंदा बसला म्हणून बंद होतात. मी वीस टक्के देतो, विषय संपवतो.

बोरूबहाद्दर
जिथे तीनशे सुटतात त्या स्टेकहाऊसमध्ये जेवणारेच इथे लिहितायत, हाही मुद्दा आहेच. हायवेलगतच्या चोवीस तास उघड्या डायनरमध्ये पहाटे तीनला कॉफी ओतणारी बाई कोणाच्या ओळखीत आहे का?

उलटी_छत्री
बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लॉगिन केलं. मी होते हो ती बाई. डायनर नाही, पण एका साखळी रेस्टॉरंटमध्ये दोन वर्षं सर्व्हर होते, जॉर्जियात. नवऱ्याची नोकरी गेली होती, माझं वर्क परमिट नुकतं आलं होतं, आणि पदवीला साजेशी नोकरी मिळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं चांगली होती आणि पद्धत सगळीकडे हीच असते.

पहिला पे-स्टब (पगाराची चिठ्ठी) बघून मी मॅनेजरकडे गेले की काहीतरी चूक झालीय. दोन आठवड्यांचा चेक होता ९ डॉलर आणि काही सेंटचा. चूक नव्हती. टिपेवरचा करही त्या २.१३ मधूनच कापतात, कारण टिप आधीच हातात आलेली असते. त्यामुळे चेकवर काही उरतच नाही. एकदा तर चक्क ०.०० चा चेक आला, पाकिटात घालून, सही-शिक्क्यानिशी. मुलाने तो फ्रिजवर मॅग्नेटने लावला. कितीतरी महिने होता तिथे.

मग साईडवर्क. टेबल लागण्याआधी आणि उठल्यानंतर आइस भरणं, सॉसच्या बाटल्या पुसणं, आणि सिल्व्हरवेअर रोल करणं. काटा, सुरी, त्यावर नॅपकिन, त्यावर कागदी पट्टी. शंभर रोल झाल्याशिवाय घरी जायचं नाही. रात्री साडेअकराला पाय वळलेले असताना शंभर रोल. त्या वेळात टिप देणारं कोणी समोर नसतं, म्हणजे तो तास निव्वळ २.१३ चा. असल्या कामात वीस टक्क्यांहून जास्त वेळ गेला तर त्या वेळेचं पूर्ण किमान वेतन द्यायचं, असा एक नियम होता. माझ्या वेळी तो कोणी पाळलेला मी तरी पाहिला नाही. २०२४ मध्ये कोर्टाने तोही रद्द केला.

खवचटभाऊ, तीनशे मीही नेलेत. वर्षातून चारदा.

खिडकीतली_चिमणी
बाप रे. उलटी_छत्री, थँक्यू. शून्याच्या चेकबद्दल बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "शून्याचा चेक काढायला कागद किती लागला असेल?"

थेट_खवचट
@उलटी_छत्री, बरं, वर्षातून चारदा. शब्द मागे. पण मग तुम्हीच सांगा, टिप बंद करून तासाला वीस-पंचवीस डॉलर सरळ पगार दिला असता तर तुम्ही घेतला असता का?

उलटी_छत्री
यावर येते. आधी एक राहिलेलं सांगते, कारण ते आपल्याच लोकांना सांगायचंय.

टिप आउट नावाचा प्रकार असतो. सर्व्हरने आपल्या टिपेतला वाटा बसर (टेबलं आवरणारे), बारटेंडर, होस्ट (दारातून टेबलापर्यंत नेणारे) यांना द्यायचा. आमच्याकडे तो टिपेवर नाही, विक्रीवर धरत. ४ टक्के. म्हणजे तुम्ही शंभर डॉलरचं जेवलात आणि काही न ठेवता उठलात, तर मी माझ्या दुसऱ्या टेबलच्या टिपेतून चार डॉलर काढून द्यायचे. तुम्हाला वाढल्याबद्दल माझ्या खिशातून गेले चार.

आता हलके घ्या. आपलं कुटुंब दारातून आत आलं की होस्टपाशी उभ्या मुली माझ्याकडे बघून हसायच्या. "तुझी माणसं आली." मग ते टेबल माझ्या सेक्शनमध्ये. बर्फाशिवाय पाणी, लिंबू वेगळं, जास्तीच्या चार प्लेट, मेन्यूत नसलेलं काहीतरी, शेवटी बिल तीन कार्डांवर, आणि टिप दहा टक्के, तीही खालच्या आकड्याला आणून. सगळे तसे नव्हते. पण इतके होते की दुसऱ्या वर्षी मीसुद्धा त्या टेबलांकडे जरा उशिरा जायला लागले. पाणी भरायला एक चक्कर कमी. मग त्यांनाही वाटणार, सर्व्हिस काही खास नव्हती, दहाच ठेवू. हे चक्र कोणी सुरू केलं हे मला आजही सांगता येणार नाही, पण एक दांडा मीही धरला होता.

सुरपारंब्या
लागलं. पण खरं आहे. आमच्या ग्रुपमध्ये अजून एकजण टॅक्स वजा करून त्यावर टिप काढतो, फोनवर, सगळ्यांसमोर.

हिशेबी
सुरपारंब्या, तो एकजण चूक नाहीये. 😀 टॅक्सवर टिप द्यायची असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणि "इथले सगळे वीस देतात" हेही खरं नाही. प्यू रिसर्च या अमेरिकन संस्थेचं २०२३ चं सर्वेक्षण आहे. साध्या बसून जेवायच्या ठिकाणी आपण १५ टक्के किंवा त्याहून कमी देऊ, असं ५७ टक्के लोकांनी सांगितलं. त्याच सर्वेक्षणात ७२ टक्के म्हणाले की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिप मागतात. स्क्रीन फिरवून आपल्याकडे करतात ना, "एक छोटा प्रश्न विचारेल हा" म्हणत, ते.

सर्व्हिस चांगली तर टिप चांगली, हेही आपल्या मनाचे खेळ. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन यांनी आयुष्यभर हाच विषय धरला. त्यांच्या अभ्यासात सर्व्हिसच्या दर्जाचा टिपेशी संबंध निघाला, पण अगदी किरकोळ. टिप सगळ्यात जास्त ठरते ती बिलाच्या आकड्यावर. सर्व्हर टेबलाशी उकिडवा बसून डोळ्याला डोळा भिडवून बोलला की टिप वाढते, हेही त्यांनी मोजून दाखवलंय. म्हणजे मालक पगार देत नाही आणि गिऱ्हाईक कामाचे देत नाही.

कुंपणावरचा
टेकआउटचं कोणी सांगेल का?

बोरूबहाद्दर
थोडा इतिहास, कारण 'मग?'चं मूळ तिथे आहे.

टिप ही मुळात युरोपातल्या बड्या घरांची रीत. पाहुण्याने निघताना नोकरांच्या हातावर काही ठेवायचं. सुट्टीवर जाऊन आलेल्या श्रीमंत अमेरिकनांनी ती इकडे आणली आणि सुरुवातीला तिच्याविरुद्ध रान पेटलं होतं. लोकशाहीत हा काय हात पसरायचा प्रकार, असं वर्तमानपत्रं लिहीत. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये कायद्यानेच बंदी घातली. पाठोपाठ आणखी काही राज्यांनी घातली. १९२६ पर्यंत झाडून सगळे कायदे रद्द झाले होते.

पण या बंदीच्या कायद्यांच्या बऱ्याच आधी काय झालं होतं? यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, आणि लाखो काळे लोक कामाच्या शोधात बाहेर पडले. हॉटेलांनी आणि रेल्वेने त्यांना घेतलं, पण पगार नावापुरता, बाकी प्रवासी देतील त्यावर. पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांतले पोर्टर याचं ठळक उदाहरण. बूट पुसायचे, अंथरुणं घालायची, रात्र रात्र जागायचं. प्रवासी सगळ्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायचे, तीच सवय. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये त्यांची संघटना बांधली आणि कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडलं. बारा वर्षं. मागणीच ही होती की आम्हाला प्रवाशांच्या मर्जीवर सोडू नका, पगार द्या.

आणि लगेच १९३८ मध्ये किमान वेतनाचा कायदा आला, त्यात हॉटेल-रेस्टॉरंटवाले नव्हते. ते १९६६ मध्ये आले, हिशेबींनी वर सांगितलं तसे, अर्ध्या दाराने.

चिमणीताई, बाबांना रँडॉल्फ यांच्याबद्दल जरूर सांगा. कामगार न्यायालयातल्या माणसाला आवडतील.

बंडू_लंडनकर
आमच्याकडे टिप किमान वेतनात धरता येत नाही, २००९ पासून. आधी पगार पूर्ण, मग टिप. तरी मालक त्यातून 'व्यवस्थापन खर्च' वगैरे कापायचे. आता ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच झालाय की टिप आणि सर्व्हिस चार्जचा प्रत्येक पेनी कामगारांना वाटायचा, तोही पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. बिलावर साडेबारा टक्के आधीच लावलेले असतात. नको असतील तर काढून मागता येतात. पण मागून बघा, वेटरच्या चेहऱ्याकडे बघत. मी आठ वर्षांत एकदाही मागितले नाहीत.

निवांत_रविवार
जर्मनीत टेबलावर पैसे ठेवून जायची पद्धत नाही, त्यामुळे बाबांना उचलायला काही मिळालं नसतं. इथे बिल २७.४० झालं की आपण तोंडाने "तीस" म्हणायचं, संपलं. वेटरला किमान वेतन सगळ्यांसारखंच, २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो. टिप वरची, करमुक्त.

सुरपारंब्या
टोकियोत माझ्याही मागे वेट्रेस धावत आली होती. टेबलावर राहिलेले सुटे परत द्यायला.

अधांतरी
कॅलिफोर्नियातून लिहितोय आणि माझा प्रश्न उलटा आहे. इथे टिप क्रेडिट नाहीच. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा, अलास्का या सात राज्यांत सर्व्हरला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. आमच्याकडे २०२५ मध्ये ते १६.५० होतं. मग मी टेक्सासइतकेच वीस टक्के का द्यायचे? तिथे मी तिचा पगार भरतो हे समजू शकतो. इथे काय भरतो?

आणि दुसरं, आत स्वयंपाकघरात तव्यासमोर उभा माणूस. त्याच्या हाताला चव आहे म्हणून मी पुन्हा येतो. तो घामाने निथळतोय, वेटरने प्लेट पंधरा फूट आणली, आणि वीस टक्के वेटरला. भांडी घासणाऱ्याचं तर कोणी नावही घेत नाही.

हिशेबी
२०१८ मधल्या बदलानंतर मालक सगळ्यांना पूर्ण किमान वेतन देत असेल तर टिपेच्या सामायिक डब्यात किचनलाही वाटा देता येतो. म्हणजे तुमच्या राज्यात शक्य आहे. टिप क्रेडिट घेतलं तर मात्र किचनला वाटा नाही. तो डबा मग फक्त टिप मिळणाऱ्यांचा. मॅनेजर आणि मालकाने एक सेंटही घ्यायचा नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

चिमणीताईंच्या यजमानांसाठी: कार्डावरच्या टिपेतून मालक कार्ड कंपनीच्या फीचा तेवढा हिस्सा कापू शकतो, फेडरल कायदा आडवा येत नाही. कॅलिफोर्नियात कापता येत नाही. म्हणजे त्यांनी वाचलेलं अगदीच खोटं नाही. पण तीन टक्क्यांसाठी ग्लासखाली नोट ठेवायची जोखीम आता त्यांनाही कळली असेल.

खिडकीतली_चिमणी
कळली. आता हातात देतो.

थेट_खवचट
माझा प्रश्न तसाच लटकलाय. @उलटी_छत्री?

उलटी_छत्री
विसरले नव्हते. उत्तर गैरसोयीचं आहे म्हणून टाळत होते.

त्या वेळी विचारलं असतं तर मी 'नको' म्हणाले असते.

तासाला वीस डॉलर म्हणजे वर्षाकाठी कदाचित मला जास्तच मिळाले असते. मंगळवार दुपारच्या रिकाम्या शिफ्टला तर नक्कीच. पण शुक्रवारी रात्री पाच तासांत एकशे ऐंशी रोख घेऊन बाहेर पडलं की दुसऱ्या दिवशी भाड्याचे पैसे पूर्ण झालेले असायचे. पगारासाठी दोन आठवडे थांबायचं नाही. आणि एक नशा असते त्यात, खोटं कशाला बोलू. मी चांगली आहे म्हणून मिळाले, असं वाटतं. हिशेबींनी वर लिहिलंय की तसं नसतं. वाचून थोडं वाईट वाटलं.

आणि नवा पगार देणार तोच मालक. तासाला वीस देईन म्हणाला तर आठवड्याचे तास किती देईल, हे कोण सांगणार?

बोरूबहाद्दर
छत्रीताईंनी लिहिलं तेच मतपेटीतही दिसतं. मेन राज्यात २०१६ ला मतदारांनी टिपवाल्यांचा पगार हळूहळू पूर्ण किमान वेतनाला न्यायचा असं ठरवलं. २०१७ मध्ये विधिमंडळाने ते उलटवलं, आणि उलटवा म्हणून रांगा लावणाऱ्यांत सर्व्हरच होते. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२४ मध्ये असाच प्रस्ताव जवळजवळ दोन तृतीयांश मतांनी फेटाळला. वॉशिंग्टन डीसीत तर गंमतच. २०१८ ला लोकांनी मंजूर केलं, कौन्सिलने रद्द केलं. २०२२ ला लोकांनी आणखी मोठ्या बहुमताने मंजूर केलं, २०२५ मध्ये कौन्सिलने पुन्हा कात्री लावली.

मालकांनी करून पाहिलं नाही असंही नाही. न्यूयॉर्कचे डॅनी मायर मोठे रेस्टॉरंटवाले. त्यांनी २०१५ पासून टिप बंद केली, दर वाढवले, पगार वाढवले, किचन आणि बाहेरच्यांतली दरी कमी करायची म्हणून. पण मेन्यूवर २८ चा पदार्थ ३४ ला दिसला की गिऱ्हाईक शेजारच्या २८ वाल्याकडे जातं, तिथे वर सहा टिप ठेवतं आणि खूश होतं. चांगले सर्व्हर टिपवाल्या ठिकाणी निघून गेले. जुलै २०२० मध्ये महामारीत दारं उघडताना त्यांनी टिप परत आणली.

अधांतरी
थोडक्यात एकट्याने केलं तर मरतो. सगळ्यांनी एकदम करायचं तर कायदा लागतो. आणि कायदा आणला तर ज्यांच्यासाठी आणला तेच घाबरतात.

थेट_खवचट
घाबरतात कारण मालकावर विश्वास नाही. गिऱ्हाईकावर आहे. @छत्री, हे मी आज शिकलो, आधी असा विचार केला नव्हता. नाहीतर मी इथे मत बदलायला येत नसतो. 😀

निवांत_रविवार
धाग्यावर खवचटचं मत बदललं! स्क्रीनशॉट घेतलाय.

सुरपारंब्या
एक सावधगिरीची सूचना. आम्ही नऊजण होतो, बिलात १८ टक्के 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टिप, आधीच छापलेली होती. खाली टिपची रेघ रिकामी. आम्ही भाबडे, वर आणखी वीस टाकले. पावती घरी जाऊन वाचली.

हिशेबी
आणि ती छापलेली १८ टक्के कायद्याच्या भाषेत टिप नाहीच. किती द्यायचे हे गिऱ्हाईकाने ठरवलं नसेल, तर आयआरएस (इथलं आयकर खातं) तिला सर्व्हिस चार्ज म्हणतं. म्हणजे ते मालकाचं उत्पन्न. त्यातलं सर्व्हरला दिलं तर तो पगार. म्हणून २०२५ मध्ये टिपेवरच्या करात जी सूट आली (वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपेवर, २०२८ पर्यंत), ती या १८ टक्क्यांना लागू नाही. आणि सूट फक्त आयकरात आहे. सोशल सिक्युरिटी (पेन्शन), मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्यविमा) यांचे पैसे कापले जातातच. ज्यांचं उत्पन्न इतकं कमी की आयकरच लागत नाही, त्यांना त्या सवलतीचा उपयोग शून्य. वरच्या चेकसारखा.

भारतात उलट निकाल लागलाय. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं की बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. गिऱ्हाईकाची बाजू झाली. वेटरच्या पगाराचं त्यात काही नाही.

खिडकीतली_चिमणी
सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

बाबांना मी सगळा धागा वाचून दाखवला. छत्रीताईंच्या पोस्टी दोनदा. रँडॉल्फ यांचं नाव त्यांनी डायरीत लिहून घेतलं. मग मंगळवारी दुपारी म्हणाले, त्याच ठिकाणी जाऊ या, फक्त कॉफी पिऊ. मला टाळायचं होतं, पण गेलो. दुपारी अडीचची वेळ, हॉल रिकामा. तीच मुलगी होती. बाबांना बघून हसली आणि खिशावर हात ठेवून म्हणाली, "आज मी आधीच लक्ष ठेवणार!"

कॉफी झाल्यावर बाबांनी माझ्यामार्फत विचारलं, सकाळपासून किती झाले? मला विचारायची लाज वाटत होती. तिला काही वाटलं नाही. "अकरापासून तीन टेबलं. चौदा डॉलर."

बाबांनी नॅपकिन उलटा केला, पेन काढलं. साडेतीन तास. २.१३ ने ७.४६. अधिक १४. एकूण २१.४६. मग ७.२५ ने साडेतीन तासांचे २५.३८. तीन डॉलर ब्याण्णव सेंट कमी. नॅपकिन तिच्याकडे फिरवून विचारलं, हे मालक देणार?

ती म्हणाली, नाही, आठवड्याचं एकत्र धरतात. शनिवारी भरून निघतं.

बाबा बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले. मग मला मराठीत म्हणाले, "म्हणजे येत्या शनिवारी जो कोणी ग्लासखाली वीस ठेवेल, तो आज दुपारचा हिचा पगार देणार. त्याला ते माहीतही नसेल."

उठताना त्यांनी स्वतःच्या पाकिटातून पाच डॉलर काढून तिच्या हातात दिले. कॉफी सहाची होती. मी म्हटलं बाबा, खूप होतात. तर म्हणाले, "तीन ब्याण्णव तर मालकाचेच झाले. तिला एक डॉलर आठ सेंट मिळाले."

उलटी_छत्री
नॅपकिन जपून ठेवा हो.

कुंपणावरचा
सुंदर धागा. आता तरी टेकआउटचं सांगा.

उलटी_छत्री
सॉरी, तुमचं राहूनच गेलं. टेकआउट पॅक करते ती बहुतेक वेळा होस्ट किंवा बारटेंडर. डबे, सॉस, चमचे, चुकलं तर शिव्या, सगळं तिच्याकडे. काही ठिकाणी तीही कमी दरावर असते, काही ठिकाणी पूर्ण पगारावर, आणि ते तुम्हाला बाहेरून कळणार नाही. मी दोन-तीन डॉलर ठेवते, मोठी ऑर्डर असेल तर जास्त. नाही ठेवलेत तर कोणी पार्किंगपर्यंत धावत येत नाही.